साठवण

रद्दी देण्यापूर्वी माझी आई एकेक कागद चाळून पाही. मला हसू येई.

१ एप्रिल २००४ रोजी जीमेलने १ गिगाबाइट जागा फुकट देऊ केली, तेव्हा कित्येकांना ती एप्रिलफूलची थट्टाच वाटली! २०१३ साली त्या जागेची १५ गिगाबाइट झाली. मी म्हटले, आता चाळायचे कशाला? सारेच ठेवावे! पण चित्रफिती जितक्या स्पष्ट होत गेल्या, तितक्याच वजनदारही. त्यातच १ जून २०२१ पासून गूगल फोटोजमधल्या नव्या फितीही त्याच पंधरांत मोजल्या जाऊ लागल्या. शेवटी गेल्या महिन्यात 'जागा संपली' अशी सूचना झळकली. मी शेकडो फिती एका दमात पुसल्या आणि पुस्तकांचे कपाट आवरल्यासारखा प्रसन्न झालो.

रात्री सौभाग्यवती म्हणाली, "अहो, सासूबाईंची चकल्यांची फीत लावता का?"

माझ्या हातापायांतले बळच गेले. आईला जाऊन दोन वर्षे झाली. सोऱ्या फिरवता फिरवता "आधी हात धुऊन ये!" असे ती मला दरडावते, ती चाळीस सेकंदांची फीत. तिचा आवाज तेवढाच उरलेला.

"बाबा, पुसलेलं साठ दिवस कचरापेटीत राहतं," मुलगी म्हणाली. तिने ती फीत शोधून दिली. आम्ही ती तीनदा पाहिली. कुणी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी चष्मा लावून मी ती कचरापेटी एकेक करून चाळू लागलो. मुलगी हसत होती.