आठ पायांचा गवई

दोस्तांनो, आठ पायांचा प्राणी कोणता? "कोळी!" असं तुम्ही एका सुरात ओरडला असाल. बरोबर आहे. पण आज ज्याची ओळख करून देणार आहे, तो जाळं विणत नाही, तो गातो! करंगळीच्या नखाएवढा, काळाकुळकुळीत. नाव विचाराल तर नुसता आकडा : ५५५.

हा टायमर आयसी. हान्स कॅमेनझिंड नावाच्या अभियंत्याने १९७१ साली त्याची रचना केली आणि १९७२ मध्ये सिग्नेटिक्स कंपनीने तो बाजारात आणला. इतकी वर्षं झाली, पण शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात अजून त्याच्यावाचून पान हलत नाही. पुण्याची तपकीर गल्ली असो की मुंबईचा लॅमिंग्टन रोड, वडापावाएवढ्या पैशांत मिळतो.

माझी भाची आठवीत आहे. तिच्या गटाने प्रकल्प घेतला 'इलेक्ट्रॉनिक पेटी'चा. बटण दाबलं की सूर वाजला पाहिजे. सुरुवात अर्थातच 'सा'पासून, आणि 'सा' कुठला, तर आजीच्या पेटीवरची पांढरी एक. तिची वारंवारता साधारण २६१.६ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला इतकी कंपनं.

आता हा किडा गातो कसा? एक पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. टाकी म्हणजे कपॅसिटर, पाण्याऐवजी वीज. टाकी दोन तृतीयांश भरली की ५५५ खालची तोटी उघडतो, एक तृतीयांशावर आली की बंद करतो. भर, रिकामी कर, भर, रिकामी कर! प्रत्येक फेरीला स्पीकरचा पडदा एकदा हलतो. पाणी किती जोरात वाहणार, हे ठरवतात दोन रेझिस्टर. भरताना वीज दोन्हींतून येते, जाताना मात्र फक्त दुसऱ्यातून जाते. म्हणून हिशेबात दुसरा रेझिस्टर दोनदा धरायचा, बरं का!

गंमत म्हणजे बॅटरी उतरली तरी आवाज बारीक होतो, पण सूर फारसा ढळत नाही. कारण खुणा ठरलेल्या आहेत त्या तृतीयांशांत, व्होल्टमध्ये नाहीत.

भाचीने पहिला रेझिस्टर १ किलो-ओहमचा घेतला, दुसरा २७ चा, कपॅसिटर ०.१ मायक्रोफॅरडचा. १ अधिक २७ अधिक २७ झाले ५५. त्याला ०.१ ने गुणलं, ५.५. आता १४४० ला ५.५ ने भागा. उत्तर २६१.८! पांढरी एक जवळजवळ अचूक!

मग तिने मंडल संगणकावर सिम्युलेटरमध्ये जोडलं. सिम्युलेटर म्हणजे लुटुपुटूची प्रयोगशाळा. तारा जोडा, तोडा, काही जळत नाही. अशा कामासाठी बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात १९७३ साली 'स्पाइस' नावाचा प्रोग्रॅम तयार झाला. आजचे पुष्कळ सिम्युलेटर त्याच्याच कुळातले. तिथेही आकडा जवळपास तोच आला. सगळा गट खूश!

दुसऱ्या दिवशी ब्रेडबोर्डवर खरं मंडल उभं राहिलं. १ नंबरचा पाय ऋणाला; ४ आणि ८ धनाला; २ आणि ६ एकमेकांना. पहिला रेझिस्टर धनापासून ७ पर्यंत, दुसरा ७ पासून ६ पर्यंत, कपॅसिटर ६ पासून ऋणापर्यंत. ५ नंबरपासून ऋणापर्यंत ०.०१ चा कपॅसिटर. ३ मधून आवाज बाहेर, १०० ओहम आणि १० मायक्रोफॅरडमधून स्पीकरला. (पालकहो, ९ व्होल्टची बॅटरीच द्या. घरातल्या प्लगशी या प्रयोगाचं काही काम नाही.)

वाजलं! पण आजीने पेटीवर पांढरी एक दाबली आणि तोंड वाकडं केलं. "अगं, हा तर उतरलाय." मोबाइलवरच्या सूर मोजणाऱ्या ॲपने आकडा दाखवला २३८.

तारा तपासल्या. सगळं बरोबर. तेव्हा गटातला एक मुलगा म्हणाला, "तक्त्यावर संगणकाचाच आकडा लिहूया ना. बाई थोड्याच मोजायला येणारेत?" भाची गप्प. मग मला म्हणाली, "मामा, खरं कोण? संगणक की आजीचा कान?"

मी उत्तर दिलं नाही. पाच कपॅसिटर तिच्या हातात ठेवले, तीन नव्या पुडीतले, दोन माझ्या जुन्या डब्यातले. पाचही जणांवर छापलं होतं १०४. म्हणजे १० आणि पुढे चार शून्यं, इतके पिकोफॅरड, तेच आपले ०.१ मायक्रोफॅरड. एकेक लावून पाहिला. पाच कपॅसिटर, पाच वेगळे सूर! एक तर २५० च्याही वर गेला.

मग भिंगातून पाहिलं, तर १०४ च्या शेजारी बारीक अक्षर, 'के'. याचा अर्थ दहा टक्के इकडे-तिकडे चालेल. 'एम' असतं, तर वीस टक्के. रेझिस्टरवरचा सोनेरी पट्टासुद्धा पाच टक्क्यांची सवलतच मागत असतो. सिम्युलेटरला आपण ०.१ सांगितलं होतं, त्याने ते तंतोतंत मानलं. बिचाऱ्याने तपकीर गल्ली पाहिलेली नाही ना!

गटात वादावादी झाली. "मार्क जातील," हे पालुपद दोन दिवस चाललं. शेवटी तक्त्यावर दोन्ही आकडे आले, २६१.८ आणि २३८, आणि खाली पाचही कपॅसिटरांची यादी. प्रदर्शनात परीक्षक सगळ्यात जास्त वेळ तिथेच थांबले, आणि कपॅसिटर बदलून दाखव म्हणाले. आधी नाराज असलेला तो मुलगाच पुढे होऊन दाखवत होता. बक्षीस मिळालं नाही. ते हवेवर चालणाऱ्या गाडीला गेलं. गाडी छान होती, हे मान्य करायला हवं.

सुराचं पुढे काय झालं? २७ च्या जागी २२ चा रेझिस्टर आणि त्याला जोडून १० किलो-ओहमचा प्रीसेट लावला. बारीक स्क्रूड्रायव्हरने तो फिरवायचा, आणि आजी "हां, आता थांब!" म्हणाली की थांबायचं.

तुम्ही वरचा 'सा' करणार असाल, तर २७ च्या निम्मे साडेतेरा लावून पाहा. सूर किंचित उतरलेला येईल, आणि या वेळी कपॅसिटरचा दोष नसेल. का, ते वहीत मांडून शोधा. त्या एक किलो-ओहमवर नजर ठेवा!