मेरिट लिस्टच्या पार खाली

आपल्या भंडारा जिल्ह्यात ‘टेनिस’ हा शब्द एकाच कामासाठी वापरतात – टेनिस बॉल क्रिकेट! धान कापून झालं, बांध्या रिकाम्या झाल्या की लाखनीपासून तुमसरपर्यंत गावोगावी बॅनर लागतात. पहिलं बक्षीस अमुक, दुसरं तमुक, मॅन ऑफ द सिरीजला कूलर. तोच बॉल मधे जाळी बांधून रॅकेटने मारायचा एक खेळ आहे, आणि तो खेळून काही माणसं पोट भरतात (किंवा भरायचा प्रयत्न करतात), हे आपल्याकडे फारसं कुणाच्या ध्यानात नसतं.

मग भंडाऱ्यातल्या कॉलेजच्या मॅगझिनमधे टेनिसवर लेख कशाला? कारण मित्रहो, हा लेख खरं म्हणजे ‘रँक’ या विषयावर आहे आणि त्या विषयात आपण सगळे इंजिनिअरिंगवाले आत्ताच पीएच.डी. आहोत. दहावीचे टक्के, सीईटीचा स्कोअर, कॅप राऊंडचा नंबर, मग दर सेमिस्टरला कोण टॉपर आणि कुणाच्या किती केटी... समोरचा माणूस कसा आहे हे आपण नंतर विचारतो, कितवा आहे हे आधी.

३० सप्टेंबर २०२३ ला हांगझोच्या एशियन गेम्समधे रोहन बोपण्णा आणि ऋतुजा भोसले यांनी मिक्स्ड डबल्सचं गोल्ड जिंकलं. पहिला सेट २-६ गेला, मग ६-३ आणि १०-४. ऋतुजा मूळची श्रीरामपूरची. मेसमधे बातमी आली तेव्हा पोळीचा घास हातात धरून एकाने विचारलं, “जगात कितवी आहे?” दुसरा म्हणाला, पहिल्या शंभरात तर नाही. “मंग कायची प्लेअर बे!” आणि विषय वांग्याच्या भाजीवर गेला. माझा तिथेच अडकला. शंभराच्या पलीकडच्या मुली नेमकं करतात काय, म्हणून मी शोधत बसलो आणि शोधता शोधता बार्शीला पोचलो.

बार्शी म्हणजे सोलापूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. तिथल्या प्रार्थना ठोंबरेचा जन्म १९९४ चा. टेनिससाठी ती पुढे हैदराबादला, सानिया मिर्झाच्या अकादमीत गेली. तिची ओळख मुख्यतः डबल्सची. २०१४ च्या इंचॉन एशियन गेम्समधे सानियाबरोबर तिने ब्राँझ मिळवलं. पण एशियन गेम्स चार वर्षांतून एकदा येतात. मधल्या शेकडो आठवड्यांत काय असतं?

मधे असतात आयटीएफच्या छोट्या स्पर्धा. २०१६ पर्यंत यातली सगळ्यात खालची स्पर्धा १० हजार डॉलरची असायची. ऐकायला मोठी वाटते! पण हे पैसे सगळ्या मुलींत वाटायचे. सिंगल्स जिंकणारीला १,५६८ डॉलर, पहिल्या राऊंडला हरलीस तर ९८ डॉलर. डबल्स जिंकलात तर दोघींना मिळून ६३७. त्यात हॉटेल आलं, जेवण आलं, रॅकेटची तार तुटली तर ती आली. कोच तर सोडूनच द्या. स्पर्धा पुण्याला असली तर बरं, पण इजिप्तमधलं शर्म-अल-शेख, तुर्कस्तानातलं अंताल्या, अशा ठिकाणी आठवड्यामागून आठवडा या स्पर्धा भरायच्या. विमानाचं तिकीट आणि व्हिसा घेऊन तिथे जायचं, आणि कदाचित मंगळवारी सकाळीच ९८ डॉलर घेऊन मोकळं व्हायचं.

इंजिनिअरिंग इकॉनॉमिक्समधे आपण ब्रेक-इव्हन पॉइंट काढतो. (व्हायवाला हमखास विचारतात!) इंटरनॅशनल टेनिस फेडरेशनने २०१३ च्या आकड्यांवरून चक्क टेनिसचा ब्रेक-इव्हन काढला होता. त्या वर्षी ४,८६२ मुली या व्यवसायात खेळल्या. त्यातल्या सुमारे ४५ टक्के मुलींना बक्षिसाचा एक डॉलरही मिळाला नाही. वर्षाचा सरासरी खर्च ४०,१८० डॉलर, म्हणजे तेव्हाचे तेवीस-चोवीस लाख रुपये, आणि तोही कोचचा पगार न धरता. खर्च आणि बक्षीस जिथे समान होतात ती रँक निघाली २५३. म्हणजे जगात तीनशेवी असलेली मुलगी, जिच्या खाली साडेचार हजार जणी आहेत, ती घरून पैसे आणून खेळते! आपल्याकडे कुठल्याही परीक्षेत पाच हजारांत तीनशेवा आला तर चौकात बॅनर लागेल.

त्यातही आपल्या मुलींचं गणित आणखी अवघड. क्रोएशियाचंच बघा. लोकसंख्या चाळीस लाखाच्या आत, म्हणजे आपले तीन-सव्वातीन भंडारा जिल्हे. तिथल्या इव्हा मायोलीने १९९७ ला फ्रेंच ओपन जिंकली, आणि गोरान इव्हानिसेविचने २००१ ला १२५ व्या रँकवर असताना वाइल्ड कार्ड घेऊन विम्बल्डन. पण त्यांच्या मागे अशा कितीतरी मुली आहेत ज्यांचं नाव त्यांच्याच देशात कुणाला माहीत नाही. त्या मुलींनाही तेच ९८ डॉलर. फरक एवढाच, की त्या सकाळी बसमधे बसल्या तर दुपारी इटलीत किंवा हंगेरीत स्पर्धेला उतरू शकतात. इथून सकाळी निघालं तर दुपारी फार तर नागपूरचं एअरपोर्ट येतं.

बरं, एवढं करून मिळवलेले पॉइंट्ससुद्धा कायमचे नसतात. ५२ आठवडे झाले की ते गळून पडतात. आपली पास झालेली सेमिस्टर वर्षाने आपोआप नापास झाली तर कसं वाटेल?

मग हे सगळं कशासाठी? रिओ ऑलिंपिकचा एक नियम वाचला आणि मला उत्तर सापडल्यासारखं झालं. डबल्समधे पहिल्या दहात असलेल्या खेळाडूला ऑलिंपिकला आपल्या देशातली जोडीदार घेऊन जाता येत होतं, पण ती जोडीदारही पहिल्या तीनशेत असायला हवी होती. २०१६ ला सानिया डबल्समधे जगात पहिली होती. तिच्याबरोबर कोण? प्रार्थना ठोंबरे. कुणी न बघितलेल्या कोर्टांवर, अर्ध्या-पाऊण हजार डॉलरच्या डबल्स खेळून जमवलेले पॉइंट्स तिला त्या तीनशेच्या रेषेच्या आत ठेवत होते. आपण ज्या आकड्याला हसतो, तोच आकडा तिचा पासपोर्ट होता.

६ ऑगस्ट २०१६. समोर चीनच्या पेंग शुआई आणि झांग शुआई. पहिला सेट टायब्रेकवर गेला. दुसरा सानिया-प्रार्थनाने ७-५ असा काढला. तिसरा चिनी मुलींनी ७-५ घेतला. पहिल्याच राऊंडला बाहेर! पेपरात दोन ओळी आल्या असतील. प्रार्थना मात्र थांबली नाही. २०२४ मधेही ती डबल्स खेळतच होती. ऑलिंपिकनंतर आठ वर्षं!

हे सगळं मी इतकं मन लावून का वाचलं, तेही सांगतो. माझी धाकटी बहीण आठशे मीटर पळते. यंदा स्टेटला ती आठवी आली. घरात दोन पार्ट्या आहेत. बाबा म्हणतात, आठवी म्हणजे झालं समाधान, आता बारावीकडे बघ. आई म्हणते, नागपूरला ठेवू एक वर्ष, पळू दे. पण खोलीचं भाडं, खुराक, बूट, सगळा हिशोब वहीत मांडला की आईही गप्प होते. बाबा चुकीचे आहेत असं मला म्हणवत नाही. तेवीस लाख सोडा, तेवीस हजारसुद्धा आमच्याकडे विचार करूनच निघतात. आणि वरचा ब्रेक-इव्हनचा आकडा मी त्यांना दाखवला असता तर ते त्यांच्याच पार्टीत जमा झाले असते!

मी तो बहिणीला दाखवला. सगळं सांगितलं, ९८ डॉलरपासून रिओपर्यंत. तिने ब्रेक-इव्हनकडे बघितलंही नाही. स्कोअर मात्र दोनदा वाचला.

“दादा, तिसरा सेट ७-५. म्हणजे ५-५ होतं ना एकदा?”

होतं, म्हटलं. ७-५ व्हायला आधी ५-५ व्हावंच लागतं.

“हं,” म्हणाली, आणि बुटाची लेस बांधायला खाली वाकली.