जुन्या रायफलीची पारख

जुन्या वस्तूविषयी मनुष्याच्या मनात स्वाभाविक आदर असतो. परंतु आदर आणि पारख या दोन निराळ्या गोष्टी होत. शिवनेरीच्या परिसरात कोणाच्या माळ्यावर गंजलेले पाते निघाले, की ते शिवकालीनच ठरते.

काही वर्षांपूर्वी राष्ट्रीय छात्र सेनेच्या कवायतीसाठी निकामी केलेली एक .३०३ रायफल मला न्याहाळावयास मिळाली. ती पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियास जाऊन आली आहे, असे मुले अभिमानाने सांगत. ही गोष्ट असंभवनीय नव्हती. मराठा पलटणी त्या मोहिमेत लढल्या. कुत-अल-अमाराच्या वेढ्यात उपासमार सोसून १९१६ च्या एप्रिलात शरण गेलेल्या सैन्यातही मराठे होते.

माझे शेजारी, एक निवृत्त सुभेदार, तेथे होते. त्यांनी दस्त्यालगतच्या लोखंडी भागाची उजवी बाजू फडक्याने पुसली. मुकुट, बंगालमधील इशापूरच्या कारखान्याचे नाव आणि १९४२ हे साल स्पष्ट दिसू लागले. पुढे त्यांनी क्रमांक ताडून पाहिले. बोल्टचा दांडा, नळीचे मूळ व टोकाची टोपी यांवर एकच क्रमांक असला, तर हे भाग मूळचे समजतात. येथे बोल्टचा क्रमांक वेगळा निघाला. अर्थात तो मागाहून बदललेला होता. संग्राहक अशा रायफलीस कमी मोल देतात. लाकूड घासून वॉर्निशने चकाकविले, तर तपासनिसांचे ठसेही पुसले जातात आणि मोल आणखी उतरते.

एका मुलाचा चेहरा पडला. “म्हणजे आपली रायफल खोटी का?” त्याने विचारले.

“रायफल खरी आहे, बाळ,” सुभेदार म्हणाले, “गोष्ट तेवढी खोटी.”

हे उत्तर मला फार मोलाचे वाटले. आपल्याच तालुक्यातील नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहन राजकुलातील व्यक्तींच्या मूर्ती भंगून गेल्या आहेत. तरी त्यांच्या डोक्यावर कोरलेली नावे राहिली, म्हणून तेथे कोण उभे होते हे आपणांस कळते. दगडावरील अक्षर काय, लोखंडावरील ठसा काय, दोन्ही साक्षीदारच. आपणांस आवडेल ते त्यांच्या तोंडी घालणे हा त्यांचा अपमान होय.

पालकांस एक सूचना करावीशी वाटते. .३०३ रायफल प्रतिबंधित शस्त्रांत मोडते. सामान्य नागरिकास ती सहसा बाळगता येत नाही. कोठे सापडल्यास हात न लावता पोलीस ठाण्यास कळवावे.

विद्यार्थिमित्रहो, घरातील जुना तांब्या, घड्याळ किंवा सनद हाती घ्याल तेव्हा आजोबांची गोष्ट आदराने ऐका. मग वस्तूवरील ठसा, नाव व साल पाहा. दोन्ही जुळले तर आनंदच. न जुळले तर ठशावर विश्वास ठेवा, आणि वस्तू मात्र तितक्याच मायेने जपा.