बांधाच्या आधाराने

धायरीत राहणाऱ्या माणसाला सपाटी ठाऊक नसते. खिडकी उघडावी तर समोर सिंहगड, आणि सायकल काढावी तर कुठे तरी चढ लागायचाच. २०१७ साली गाव महापालिकेत गेले, शेतांवर इमारती उभ्या राहिल्या, पण चढ होते तिथेच राहिले. त्यामुळे आमच्या कॉलेजातले भूगोलाचे प्राध्यापक जेव्हा मला म्हणाले, “सर, दिवसभर पायडल मारूनही एक टेकडी लागणार नाही असा मुलूख दाखवतो, चलता का?” तेव्हा मी लगेच होकार दिला. हा मुलूख म्हणजे पेण आणि अलिबाग तालुक्यांतला खारेपाट. तिथे पोचण्यासाठी आधी सह्याद्री ओलांडावा लागतो, ही गोष्ट मात्र त्यांनी होकार मिळाल्यावर सांगितली!

नाताळच्या सुट्टीत, भल्या पहाटे, धारेश्वराच्या देवळावरून आम्ही निघालो. माझ्या सायकलीला एक टोपली, त्यात पंक्चरचे सामान आणि घरून सक्तीने दिलेली मेथीच्या लाडवांची पुडी. पिरंगुट मागे पडले आणि मुळशीचा जलाशय उजेडात आला. ज्या पाण्याने पुण्याला येऊन मुठेला भेटायचे, आणि पुढे भीमा-कृष्णेवाटे बंगालच्या उपसागरात जायचे, त्याला इथे अडवून बोगद्यातून कोकणात सोडले आहे. १९२७ सालापासून भिऱ्याच्या वीजघरात त्याची वीज होते. या धरणासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्या मावळ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ ते १९२४ असा सत्याग्रह केला, हे आपण शाळेत वाचलेले असते. पण त्या पाण्याचे पुढे काय होते, हे कोणी सांगत नाही. ते कुंडलिका नदीत उतरते, कोलाड, रोहे करीत रेवदंड्याच्या खाडीला मिळते. आमची वाटही तीच होती. ताम्हिणीचा घाट उतरलो आणि त्या पाण्याच्या सोबतीने संध्याकाळी रोह्याला पोचलो. दिवसभराची चाल सुमारे सव्वाशे किलोमीटर.

दुसऱ्या दिवशी कुंडलिकेच्या काठाकाठाने साळावचा पूल गाठला. पलीकडे रेवदंडा आणि चौल. नारळी-पोफळीच्या वाड्या, पोर्तुगीजांच्या किल्ल्याची पडझड, आणि दाराशी पाणी शिंपडणाऱ्या बायका. हे कोकण आपल्या ओळखीचे असते. सहलीला जाणारी सारी कुटुंबे इथवर येतात, मासळी खातात, आणि परततात. खरा प्रवास तिसऱ्या दिवशी, समुद्राकडे पाठ करून, पोयनाडच्या बाजूला वळल्यावर सुरू झाला.

वळताच जमीन जणू कोणी रंधा मारून ठेवावी तशी सपाट झाली. कापणी उरकलेली भातखाचरे, मध्येच उभे पाणी, त्यात लांब लाल पायांचे शेकाटे, आणि लांबवर तिवरांची काळपट हिरवी रेघ. ज्या जमिनीला गोडे पाणी आहे तिथे पांढऱ्या कांद्याचे वाफे आणि वालाची हिरवळ; जिथे नाही तिथे नुसती धसकटे, आणि मातीवर पसरू लागलेले मिठाचे पांढरे बारीक पापुद्रे. दुपारी खारे वारे सुटले. सपाटीवरचा घाट म्हणजे वारा, हे मला तेव्हा समजले! पाठीशी असेल तेव्हा सायकल आपोआप चालते. तोंडावर आला की सिंहगडाची वाट परवडली. घाट निदान संपतो तरी.

पण ही सपाटी निसर्गाने दिलेली नाही, ती माणसाने मिळवलेली आहे. खाडीच्या काठची ही सारी जमीन मुळात खाजण. भरतीचे पाणी आत यायचे, ओहोटीला गाळ टाकून जायचे. कोणे एके काळी माणसांनी गाळाचेच बांध घालून खाडीला बाहेर थोपवले. या बाहेरच्या बांधाला इथे बाहेरकाठा म्हणतात. बांधात ठरावीक ठिकाणी उघाडी असते. तिची झडप बाहेरच्या बाजूला उघडते. ओहोटीला आतले पावसाचे पाणी तिला ढकलून खाडीत जाते. भरती आली की खाडीचेच पाणी तिला दाबून बंद करते. पावसाळाभर गोडे पाणी मातीतले मीठ धुऊन काढते, त्या चार महिन्यांत भाताचे एक पीक घ्यायचे. उन्हाळा आला की मीठ पुन्हा वर चढते. म्हणून इथे वर्षाला एकच पीक, आणि तेही खाऱ्या मातीत तग धरणाऱ्या भाताचे. पूर्वी काळा राता, भुरा राता हे तांबड्या तांदळाचे वाण असत. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने पुढे पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ असे वाण दिले.

एका उघाडीजवळ आम्ही सायकली उभ्या केल्या. एक म्हातारे गृहस्थ बांधावर बसून खेकड्यांची बिळे चिखलाने बुजवीत होते. “आजोबा, एवढ्याशा बिळाने काय होणार?” मी विचारले. ते हसले. “मास्तर, बिळातून आधी पाणी झिरपते. मग उधाण येते. मग खांड जाते. एकदा खांड गेली की खारे पाणी शेतात. मग पुढली काही वर्षे भात नाही.” अमावस्या-पौर्णिमेची मोठी भरती ती उधाण, आणि सप्तमी-अष्टमीची लहान भरती तो भांग. “भांगाला काम करायचे आणि उधाणाला देवाचे नाव घ्यायचे,” एवढे बोलून ते पुन्हा चिखलात हात घालून बसले. पूर्वी खांड गेली की सारा गाव टोपल्या घेऊन धावे. आता गावातली तरुण मुले कारखान्यांत आणि मुंबईला. बिळे बुजवायला आजोबा एकटे.

जवळच चरी हे गाव आहे. १९३३ साली चरीच्या आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी सावकारांच्या जमिनी कसायला नकार दिला. नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली हा संप १९३९ पर्यंत टिकला. इतकी वर्षे शेते पडीक ठेवणे म्हणजे घरात चूल पेटवायची कशी, हा रोजचा प्रश्न. तरी ती माणसे मागे हटली नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांना पाठिंबा दिला आणि १९३७ साली खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडले. बांध ज्याच्या घामाने उभा राहतो, धान्यही त्याच्याच घरात जावे, एवढीच त्या संपाची मागणी होती असे म्हटले तरी चालेल.

मागणी मान्य झाली, कुळे मालक झाली, पण बांध कोणाचा हा प्रश्न उरला. पूर्वी शिलोत्रीची पद्धत होती. ज्याने खाजणातून जमीन काढली तो शिलोत्रीदार. बांधाची डागडुजी त्याने पाहायची आणि त्याबद्दल भाताचा काही वाटा घ्यायचा. ती व्यवस्था मोडली हे योग्यच झाले. १९४८ साली खारजमिनींचा कायदा आला, १९७९ साली दुसरा, आणि बांधांची जबाबदारी सरकारने उचलली. पण कचेरीतल्या कागदाला उधाणाची तिथी कळत नाही. खांड वेळेवर बांधली गेली नाही की आत पाणी साचते, आणि पाण्यापाठोपाठ तिवरे येतात. तिवरे बांधाच्या बाहेर असतात तेव्हा लाटांचा मार अंगावर घेऊन त्याचे रक्षण करतात. आत उगवली की समजावे, शेत गेले. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर तिवरांच्या तोडीवर बंदी घातली. समुद्रकाठासाठी निर्णय शहाणपणाचा आहे. पण ज्याच्या सात-बाऱ्यावर भात आहे आणि शेतात तिवरे, त्या शेतकऱ्याने काय करावे? वेळेवर टाकलेल्या चार टोपल्या चिखलाने हा पेच मुळात पडलाच नसता.

हॉलंड देशात अशाच बांधांच्या आड अर्धा देश नांदतो, आणि तिथले लोक त्या सपाटीवर हौसेने सायकली चालवतात. १९५३ च्या फेब्रुवारीत तिथले बांध फुटले आणि अठराशेहून अधिक माणसे गेली. त्यानंतर त्या राष्ट्राने बांधांपुढे दुसरे काम मोठे मानले नाही. आपल्याला तर इतक्या दूर जायलाही नको. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा बांध म्हणजे काय, हे पुणेकराने एका सकाळीत शिकून घेतले. आमच्या धायरीकडच्या जुन्या मंडळींच्या बोलण्यात ती तारीख अजून येते. खारेपाटातल्या माणसाला मात्र दर महिन्याला दोन वेळा अशी तारीख येते, आणि तिची बातमी होत नाही.

वाचकांपैकी कोणाला जायचे असेल तर थंडीत जावे, पंचांगात तिथी पाहून जावे, आणि समुद्रावरच न थांबता चार मैल आत यावे. मुलांनाही न्यावे, इतकी निर्धास्त सायकल त्यांना पुण्यात चालवायला मिळायची नाही. फक्त बाहेरकाठ्यावर चढताना खाली उतरून सायकल हातात धरावी. चाकाने बांधाची माती सुटते, आणि ती पुन्हा बसवायला तिथे आता फार हात उरलेले नाहीत.