घेतलेले बळ

पन्नाशी उलटली की माणसाला एखादा नाद लागावा, असा जणू निसर्गनियमच आहे. कोणी बाग लावतो, कोणी कुलवृत्तांत लिहावयास घेतो, कोणी जुनी नाणी जमवितो. आम्ही धावू लागलो. हे वृत्त घरात प्रथम कळले तेव्हा मंडळींनी एवढेच विचारले, "कोणापासून?"

नोकरीच्या निमित्ताने आम्ही उज्जयिनीत येऊन राहिलो, त्याला आता बरीच वर्षे झाली. बिऱ्हाड फ्रीगंजमध्ये, घड्याळाच्या मनोऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. कोठी रोडवर पहाटे फिरावयास येणाऱ्यांत आम्हीही एक होतो. फिरता फिरता एके दिवशी पावले झपझप पडू लागली, महिनाभरात ती धावू लागली, आणि वर्ष संपण्यापूर्वी आम्ही रविवारी क्षिप्रेच्या काठाकाठाने, मंगळनाथ व सिद्धवट मागे टाकून, थेट कालियादेहाच्या महालापर्यंत जाऊन परत येण्याइतकी मजल मारली. जाऊन येऊन सुमारे २० किलोमीटर! हा आकडा भेटेल त्याला सांगण्याची आम्हांला खोड जडली, हे येथे कबूल केलेच पाहिजे.

धावणाऱ्यांसाठी आठवड्याचे कोष्टक असते. त्यात एक दिवस लांबच्या धावेचा असतो, दोनतीन दिवस थोड्या धावेचे असतात आणि उरलेल्या दिवसांपुढे 'विश्रांती' असा शब्द असतो. आमच्या एका तरुण स्नेह्याने असे कोष्टक आम्हांला लिहून दिले होते. लांब धावेचा रकाना आम्ही भक्तिभावाने पाळला. विश्रांतीचा रकाना मात्र आम्हांला आळशी माणसांची सोय वाटला. ज्या दिवशी काहीच करावयाचे नाही, तो दिवस कोष्टकात लिहावा तरी कशाला?

दोन वर्षांपूर्वी मडगांवाहून मावशीचा निरोप आला. तिला पंचक्रोशी करावयाची होती. मावशीचे यजमान जन्मभर 'एकदा उज्जयिनीस जाऊं या' असे म्हणत राहिले आणि ते राहूनच गेले. महाकालाच्या देवळाचा जीर्णोद्धार अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी सुखटणकर यांनी केला. आपल्यातल्या एका माणसाच्या हातून एवढे कार्य झाले आणि आपण ते पाहिलेही नाही, याची त्यांना रुखरुख होती. आता त्यांच्यामागे मावशीने वयाच्या सहासष्टाव्या वर्षी ते मनावर घेतले. आम्ही तत्काळ कळविले की, तू निःशंक ये. संपूर्ण परिक्रमेत आम्ही तुझ्या सोबत चालू. वीस किलोमीटर धावणाऱ्यास चालण्याचे काय भय?

पंचक्रोशीची यात्रा ठाऊक नसलेल्या वाचकांसाठी थोडे सांगितले पाहिजे. महाकाल मध्यभागी आणि चार दिशांना चार द्वारपाल महादेव: पूर्वेस पिंगळेश्वर, दक्षिणेस करोहनचा कायावरोहणेश्वर, पश्चिमेस अंबोदियाचा बिल्वेश्वर आणि उत्तरेस जैथलचा दर्दुरेश्वर. या चौघांना पायी प्रदक्षिणा घालावयाची, ती वैशाख कृष्ण दशमीपासून अमावास्येपर्यंत. उत्तरेकडे महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून तिकडचा हा वैशाख वद्य म्हणजे आपला चैत्र वद्य. ऊन ऐन भरात असते. एकूण वाट ११८ किलोमीटर आणि दिवस पाच.

यात्रेचा आरंभ पटनी बाजारातील नागचंद्रेश्वरापासून होतो. यात्रेकरू तेथे नारळ ठेवून देवाकडे चालण्याचे बळ मागून घेतात. परतल्यावर त्याच देवळात मातीचा घोडा वाहून ते बळ देवाला परत करावयाचे असते. हे आम्ही अनेक वर्षे ऐकत होतो. पण एक गोड समजूत, यापलीकडे त्याचा कधी विचार केला नव्हता.

मावशी येणार म्हणून आम्ही कंबर कसली. पुढचे चोवीस दिवस आम्ही एकही दिवस न चुकता धावलो. पहिला पंधरवडा तर असा गेला की, आपण पंचविशीत असल्याचा भास व्हावा. दम लागेना, छाती धडधडेना. सतराव्या दिवशी उजव्या नडगीच्या आतल्या अंगाला बोटभर जागा दुखू लागली. आम्ही तेल चोळले आणि धावलो. विसाव्या दिवशी जिना उतरताना कळ आली. आम्ही पट्टा बांधला आणि धावलो. पंचविसाव्या दिवशी सकाळी पलंगावरून पाय खाली टेकविला तो टेकवेना. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितले की हाडाला ताणाने इजा झाली आहे. सहा आठवडे धावणे नाही, लांब चालणेही नाही. यात्रेला तेव्हा अकरा दिवस उरले होते.

मावशी आली त्या दिवशी आम्ही खाली मान घालून सर्व हकीकत तिला सांगितली. तिने ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हटले, "बरें जालें. पांय तुजेपरस शाणे." पुढे तिने त्याविषयी एक शब्दही काढला नाही, आणि तेच आम्हांला अधिक लागले.

आमच्याकडे दूध घालणाऱ्या गवळ्याच्या घरच्या बायका दरवर्षी या यात्रेला जातात. मावशी त्यांच्याबरोबर निघाली. त्यांची माळवी मावशीला कळेना आणि मावशीची कोंकणी त्यांना. तरी दुसऱ्या दिवसापासून त्यांचे उत्तम जमले. आम्ही मात्र चिरंजीवांच्या स्कूटरवर मागे बसून रोज मुक्काम गाठू लागलो. सोबत करण्याचे वचन देणारा हा वीर पिशवीत ताकाची बाटली घेऊन स्कूटरवरून येताना पाहून त्या बायकांना हसू आवरत नसे.

मुक्कामावर बसून बसून आम्ही जे पाहिले, ते कोणत्याही कोष्टकाने आम्हांला शिकविले नव्हते. नागचंद्रेश्वर ते पिंगळेश्वर ही पहिली मजल अवघी १२ किलोमीटरांची. पिंगळेश्वर ते करोहन २३. पुढे करोहन ते नलवा २१. पण नलवा हा उपपडाव, म्हणजे मधला विसावा, आणि तेथून अंबोदियाचा मुख्य मुक्काम केवळ ६ किलोमीटर. अंबोदिया ते कालियादेह पुन्हा २१, तेथे उपपडाव, मग जैथल ७. शेवटी जैथल ते उंडासा १६ आणि उंडासा ते क्षिप्रेचा घाट १२. ही बेरीज आम्ही झाडाखाली बसून केली तेव्हा ध्यानात आले की, आरंभ बेताचा आहे, अंतर क्रमाने वाढले आहे, आणि लांब टप्प्यानंतर विसावा ठेवलेला आहे. ही आखणी कोणी एकाने केली असे नव्हे. हजारो पायांनी पिढ्यान् पिढ्या चालून ती ठरविली असावी.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे मुक्काम करण्याची त्या लोकांची रीत. पहाटेच्या गारव्यात चालून घ्यावयाचे आणि ऊन चढले की थांबावयाचे. थांबले की गोवऱ्या पेटवून त्यावर बाट्या भाजावयाच्या, डाळीबरोबर पोटभर खावयाचे आणि झाडाखाली आडवे व्हावयाचे. कोणाच्याही मनात 'आणखी चार मैल उरकून टाकू' असा विचार नाही. थांबणे हा त्यांच्या दृष्टीने यात्रेचाच भाग होता. करोहनला आम्ही मावशीला विचारले, पाय कसे आहेत? ती म्हणाली, "दुखतात. पूण फाल्यां दुखचे नात." आणि कुशीवर वळून ती झोपली. आमच्या नडगीकडे पाहत आम्ही जागेच राहिलो.

त्या दुपारी आम्हांला वाग्भटाची आठवण झाली. 'अष्टांगहृदया'त त्याने सांगून ठेवले आहे की, बलवान माणसानेही व्यायाम करावा तो आपल्या शक्तीच्या निम्म्याने, आणि तोही थंडीत व वसंतात. इतर ऋतूंत त्याहून कमी. आम्ही हे वाचले होते. पण ते दुसऱ्या कोणासाठी आहे असे मानले होते. आपली वारी तरी काय सांगते? ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी पुण्यात दोन रात्री राहते आणि मग दिवेघाट चढून सासवडला जाते. सुमारे ३० किलोमीटरांची, चढाची ती मजल. आणि सासवडला पालखी पुन्हा दोन रात्री थांबते. सोपानदेवांची समाधी तेथे आहे, हे थांबण्याचे कारण आहेच. पण देव थांबतो म्हणून माणसांचे पायही थांबतात, आणि पुढची वाट त्यांना सोसते.

पाश्चात्त्य धावपटूही निराळ्या वाटेने याच ठिकाणी पोहोचले आहेत. न्यूझीलंडचे आर्थर लिडियार्ड आपल्या शिष्यांना रविवारी डोंगराळ रस्त्याने २२ मैल धावावयास लावीत. त्यांच्यापैकी पीटर स्नेलने ८०० मीटरांची आणि मरे हॅल्बर्गने ५००० मीटरांची शर्यत १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये जिंकली. अमेरिकेतील ओरेगॉन विद्यापीठाचे प्रशिक्षक बिल बॉवरमन १९६२ च्या अखेरीस लिडियार्डांना भेटावयास गेले. तेथे सामान्य नागरिकांबरोबर मजेने धावू गेलेल्या या पन्नाशीच्या गुरूला सत्तरी ओलांडलेल्या एका गृहस्थाने मागे टाकले, अशी कथा प्रसिद्ध आहे. बॉवरमन आपल्या शिष्यांना एक दिवस कसून आणि पुढचा दिवस हलक्याने धावावयास सांगत. पुढे १९६७ साली एका हृदयरोगतज्ज्ञाच्या साह्याने त्यांनी सामान्य माणसांसाठी संथ धावण्यावर पुस्तक लिहिले.

याचे कारण साधे आहे. धावण्याने त्या दिवशी बळ वाढत नाही, उलट खर्च होते. लांब धावेत स्नायूंतील साठविलेली साखर सरत येते. ती भरून यावयास एक दिवस, कधी त्याहून अधिक लागतो. स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते. ती विश्रांतीतच सांधली जाते. हाडाची गोष्ट तर फारच संथ. ताण पडलेला भाग शरीर आधी काढून टाकते आणि मग तेथे नवा भाग भरते. या मधल्या काळात हाड पूर्वीपेक्षाही दुबळे असते. दम आणि छाती काही आठवड्यांत सुधारतात, हाडाला मात्र महिने हवेत. पहिल्या पंधरवड्यात आम्हांला जी पंचविशी भासली होती ती छातीची होती. नडगी बावन्न वर्षांचीच होती.

अमावास्येला मावशी क्षिप्रेत स्नान करून पटनी बाजारात आली. आम्ही लंगडत तेथे हजर होतो. तिने मातीचे दोन घोडे घेतले. एक नागचंद्रेश्वराला वाहिला आणि दुसरा आमच्या हातात दिला. आम्ही म्हणालो, "आम्ही कुठे चाललो? आमचे देणे काय?"

ती म्हणाली, "चोवीस दीस घेतलें न्हय रे? घेतिल्लें परत दिवपाक जाय."

देवळातल्या त्या गर्दीत आमचे डोळे भरून आले. आम्ही बळ घेत गेलो होतो, रोज घेत गेलो होतो, आणि ते परत द्यावयाचे असते हे विसरलो होतो. मावशीच्या यजमानांचे राहून गेलेले चालणे तिच्या सोबतीने आमच्याकडून पुरे व्हावयाचे, तेही आम्ही त्यात घालवून बसलो. घोडा वाहिला खरा, पण ते ऋण त्याने फिटण्यासारखे नव्हते.

आता आमचा आठवडा असा जातो. मंगळवारी ५ किलोमीटर, शेजाऱ्याशी बोलता येईल इतक्या संथपणे. बुधवारी ८, त्यांत मधले थोडेसे वेगाने. गुरुवारी केवळ फिरणे. शुक्रवारी पुन्हा ५, शनिवारी काही नाही. रविवारी लांबची धाव, १० किलोमीटर. म्हणजे आठवड्याच्या एकूण धावण्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून किंचित अधिक. ती वाढवावयाची झाल्यास एका वेळी एकाच किलोमीटरने, आणि दर चौथ्या रविवारी ती मुद्दाम कमी करून ७. सोमवार हा महाकालाचा वार. त्या दिवशी धावण्याचे बूट दारामागेच राहतात आणि आम्ही सावकाश दर्शनाला जातो. श्रावणातल्या सोमवारी तर महाकाल स्वतःच पालखीतून नगरात फिरावयास निघतात. तेव्हा रस्त्यावर धावणाऱ्याला पाऊल ठेवावयासही जागा नसते, हे बरेच आहे.

कालियादेहापर्यंतची ती २० किलोमीटरांची मजल आम्ही अद्याप पुन्हा गाठलेली नाही. कदाचित पुढच्या थंडीत गाठू. त्याआधी येत्या वैशाखात पंचक्रोशी पायी करावयाची आहे. मावशी पुन्हा येणार आहे, आणि या खेपेस स्कूटर घरी राहणार आहे.

दर सोमवारी सकाळी मडगांवाहून तिचा फोन येतो. प्रकृतीची चौकशी नाही, हवापाण्याची नाही. ती एकच प्रश्न विचारते.

"आयज धांवूंक ना न्हय रे?"

"ना," असे आम्ही सांगतो, आणि ती समाधानाने फोन ठेवते.