फ्री प्ले

मी मेकॅनिकल इंजिनियर आहे असं माझ्या डिग्रीच्या कागदावर लिहिलंय. प्रत्यक्षात वयाच्या सत्ताविसाव्या वर्षापर्यंत मी एकही इंजिन स्वतःच्या हातानं खोललं नव्हतं. शेवटच्या वर्षी कॉलेजात सॉफ्टवेअर कंपन्या आल्या, वर्गातली निम्मी पोरं उचलली गेली, त्यात मीही. पुढं फिरत फिरत डेट्रॉइटजवळच्या एका ऑफिसात आलो. गाड्यांच्या शहरात राहतो, कामही गाड्यांचंच करतो, पण ते डॅशबोर्डवरच्या स्क्रीनचं.

माझ्यासारखे शेकड्यानं असतील. फरक एवढाच की माझे वडील टू-स्ट्रोकचे मेकॅनिक होते.

कराडात अण्णांचं छोटं गॅरेज होतं. आरएक्स हंड्रेड, राजदूत, येझदी, लुना, आडवी करून मग किक मारायची ती चेतक. लांबून येणाऱ्या गाडीच्या आवाजावरून अण्णा सांगायचे की हिचा सायलेन्सर कार्बननं भरलाय, किंवा हिचं बोअर गेलंय. मला मात्र शटरच्या आत यायला बंदी होती. शाळा सुटली की बाहेरच्या बाकावर बसून अभ्यास करायचा. दहावीच्या सुट्टीत एकदा पाना उचलला, तर त्यांनी तो हातातून काढून घेतला आणि काही न बोलता मला घरी पाठवलं. याच्या हातात हे काम नाही, असं त्यांचं मत असावं, असं मी तेव्हा धरलं आणि पुढं धरूनच चाललो. रस्त्यावरच्या टू-स्ट्रोक कमी होत गेल्या. २०१७ साली, मी तिसऱ्या वर्षाला असताना, अण्णांनी गॅरेज बंद केलं. त्यावर आम्ही कधी बोललो नाही.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये एका शनिवारी सकाळी तळ्याकाठी चालायला गेलो होतो. काही दिसायच्या आधी वास आला. पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइल जळतं तेव्हा येतो तो. कितीतरी वर्षांत हा वास नाकात गेला नव्हता. मी वासाच्या दिशेनं चालत सुटलो. काठावर आठ-दहा माणसं हातात रिमोट घेऊन उभी होती, बहुतेक साठीच्या पुढची, आणि पाण्यावर चार-चार फुटांच्या बोटी मागं पाण्याचा पिसारा उडवत पळत होत्या. आवाज थेट सायलेन्सर काढलेल्या आरएक्सचा.

त्यातल्या एका आजोबांशी ओळख झाली. आयुष्यभर टूल-अँड-डायच्या कारखान्यात काम करून निवृत्त झालेले. त्यांच्या गॅरेजच्या भिंतीवर ‘मिस अमेरिका टेन’चा फोटो आहे. गार वूड या डेट्रॉइटच्या माणसानं चार पॅकार्ड इंजिनं बसवलेली ही बोट १९३२ साली सेंट क्लेअर नदीवर ताशी १२४ मैलांच्या वर, म्हणजे दोनशे किलोमीटरच्या वेगानं पळवली होती. या भागात बोटींच्या शर्यतीचं वेड जुनं आहे. आजोबांचं वेड चार फुटांत मावणारं. “हिवाळ्यात ये, एक बांधू,” ते म्हणाले.

आईला फोनवर सांगितलं की मी गॅसची बोट बांधतोय. “आणि सिलिंडर कुठं ठेवणार?” तिनं विचारलं. इथं पेट्रोललाच गॅस म्हणतात हे समजावण्यात पाच मिनिटं गेली. अण्णा मागं बसून ऐकत होते, काही बोलले नाहीत.

तळी गोठली आणि आम्ही सुरुवात केली. बोट मोनो प्रकारची, म्हणजे तळाला खोल ‘व्ही’ असलेली, फायबरग्लासची. इंजिन जपानी, झेनोआचं. सगळे त्याला २६ सीसी म्हणतात, खरं माप २५.४. गवत कापायच्या यंत्रांवर असतं त्याच घराण्यातलं. फक्त इथं हवेऐवजी पाण्यानं थंड होतं: बोट पळायला लागली की मागच्या नळीतून तळ्याचंच पाणी आत चढतं, इंजिनाभोवती फिरतं आणि बाजूच्या भोकातून बाहेर पडतं. ती धार दिसते आहे की नाही, हे काठावरून बघत राहायचं. पेट्रोलच्या पंचवीस भागांना एक भाग ऑइल. फ्लायव्हीलचं चुंबक आणि इग्निशन कॉइल यांच्यामधलं अंतर ठेवायला व्हिजिटिंग कार्ड मध्ये सरकवायचं. ऑफिसनं छापून दिलेल्या शंभर कार्डांपैकी हे एक कामाला आलं.

थंडीत इपॉक्सी लवकर धरत नाही, म्हणून इंजिनाचे पाये चिकटवल्यावर हीटर लावून बसलो. बोट उलटून पाण्यानं भरली तरी बुडू नये म्हणून आत पोहायच्या तलावातल्या फोमच्या नळ्या कोंबल्या. रिसीव्हर आणि सर्व्होचा डबा टेपनं बंद केला. सिग्नल तुटला तर थ्रॉटल आपोआप मिटला पाहिजे, हे रिमोट बंद करून दहा वेळा तपासलं. सुटलेली आठ किलोची बोट माणसाचा पाय मोडू शकते.

पंखा ६७ मिलिमीटरचा, बेरिलियम तांब्याचा. तो ओतलेला आणि बोथट येतो. पात्यांना धार आपणच लावायची आणि दोन्ही पात्यांचं वजन सारखं करायचं. ही धूळ फुप्फुसाला फार वाईट, म्हणून पॉलिशपेपर पाण्यात बुडवून, तोंडाला मास्क लावून घासायचं. बोट वेगात असते तेव्हा पंखा निम्मा पाण्याबाहेरच असतो. पाठीमागचा पिसारा त्याचाच.

इंजिन आणि पंखा यांना जोडणारी फ्लेक्स केबल म्हणजे पोलादी तारांचे थर पिळून केलेला लवचीक दांडा. ती पितळी नळीतून, ग्रीसमध्ये बुडून, मागच्या स्ट्रटमधून बाहेर येते. पंख्याला धरणारा तुकडा आणि स्ट्रट यांच्यात दोन सेंटची नाणी बसतील एवढी, तीनेक मिलिमीटरची फट ठेवायची, असं आजोबांनी बजावलं होतं. मला ती फट बघवेना. सगळं इतकं नेटकं बसवलेलं, आणि शेवटी हा ढिलेपणा! ते घरात कॉफी करायला गेले तेव्हा मी केबल पुढं सरकवून फट बंद केली.

हिवाळा सरला, तळं मोकळं झालं. आदल्या संध्याकाळी बोट स्टँडवर ठेवून कार्बोरेटरच्या दोन्ही सुया लावल्या. मोकळं इंजिन रिमोटच्या इशाऱ्यासरशी असं किंचाळत होतं की मी खूष झालो.

पाण्यावर दोन फेऱ्या झकास झाल्या. तिसऱ्या फेरीत, लांब सरळ टप्प्यावर, आवाज पातळ होत गेला, मग दबला, आणि बोट तळ्याच्या मधोमध गप्प झाली. आजोबा वल्ह्यांची नाव घेऊन गेले आणि मुकाट्यानं ती ओढून घेऊन आले. स्ट्रटचं तोंड घासून आरशासारखं चमकत होतं. त्यांनी त्यावर बोट फिरवलं आणि माझ्याकडं पाहिलं. मी कबूल केलं.

त्या रात्री, म्हणजे तिकडच्या सकाळी, मी अण्णांना व्हिडिओ कॉल केला आणि काही न सांगता प्लग कॅमेऱ्यासमोर धरला.

“पांढरा पडलाय,” ते म्हणाले. “पेट्रोल कमी पडतंय. कुठं सेट केलीस?”

“स्टँडवर. गॅरेजमध्ये.”

“मोकळी पळवून काय कळतंय? लोड आल्यावर तिला जास्त लागतं. गाडी घाटात न्यायची, चौथ्यात ओढायची, तिथंच बंद करायची आणि प्लग बघायचा. तुझ्याकडं घाट नाय, पाणी हाय. पाण्यावर बघ.”

मग मी केबलची फट दाखवली, म्हणजे नसलेली फट. लोड आला की केबल पिळली जाते, पिळली की आखूड होते. जागा नसेल तर पंखा स्ट्रटवर दाबला जातो आणि ब्रेक लावल्यासारखं होतं. हे सगळं मी शिकलेल्या भाषेत समजावत होतो. अण्णा मध्येच हसले.

“क्लचच्या केबलला फ्री प्ले देतो का नाय आपण? तसंच की. गिऱ्हाईक म्हणायचं, अण्णा, लिव्हर ढिला ठेवलाय. ढिला नाय बाबा, जागा ठेवलीय.”

ते इतकं सलग फोनवर कधी बोलले नव्हते. मी विचारून टाकलं, “अण्णा, मला कधी हात का लावू दिला नाहीत?”

ते थोडा वेळ गप्प राहिले. मागं आईनं कुकर उतरवल्याचा आवाज आला.

“आवडलं असतं तुला,” ते म्हणाले. “सातवीत होतास. माझ्या माघारी लुनाचा प्लग बदलून ठेवला होतास. मी नंतर काढून बघितला. गॅप बरोबर होता. कुणी शिकवलं नव्हतं. त्याच दिवशी ठरवलं, ह्याला आत घ्यायचा नाय. आत आला तर बाहेर पडणार नाय, आणि गाड्या तर संपत चालल्या होत्या.”

तो प्लग मला आठवत होता. त्यांना कळलंच नाही असं मी पंधरा वर्षं समजत होतो. काय बोलावं सुचेना. मी म्हणालो, “हाय स्पीडची सुई किती खोलू?” ते म्हणाले, “थोडीच. आणि एका वेळी एकच गोष्ट बदल.”

मग एक वही केली. प्रत्येक फेरीआधी एकच बदल, फेरीनंतर प्लगचा रंग. फट तीन मिलिमीटर. सुई आठवा हिस्सा उघडल्यावर आवाज भरला, प्लग बिस्किटाच्या रंगाचा व्हायला लागला. स्ट्रट एक मिलिमीटर वर घेतला तर वेग वाढला, पण वळणावर मागची बाजू घसरायला लागली. अर्धा खाली आणला. नाक पाण्याला चिकटत होतं, म्हणून रेडिओची बॅटरी मागं सरकवली. ट्यून्ड पाइप म्हणजे आरएक्सच्या पोटवाल्या सायलेन्सरचा भाऊ: बाहेर गेलेली लाट पोटावरून परत येते आणि निसटू पाहणारं ताजं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. तो आखूड केला की जोर वरच्या आरपीएमला सरकतो. चार मिलिमीटर आखूड केला, तर वळणातून बाहेर पडताना बोट दम खायला लागली. दोन परत दिले.

जूनअखेर पहिली शर्यत झाली. सहा बोटी. घड्याळ उलटं चालू असतं, बोटी आधीच पाण्यावर घिरट्या घालत असतात, आणि शून्य होताच रेषा ओलांडायची. आधी ओलांडली तर दंड. दंडाच्या भीतीनं मी दोन सेकंद उशिरा गेलो. मग उजवी वळणं घेत, इतरांच्या पिसाऱ्यात आंधळा होत, शेवटपर्यंत बोट चालू ठेवली. चौथा आलो. आजोबांनी पाठीवर थाप मारली आणि स्ट्रटची फट तपासली.

व्हिडिओ अण्णांना पाठवला. दुसऱ्या दिवशी आईचा निरोप आला की ते सकाळपासून कानाला फोन लावून बसलेत, चित्र बघतच नाहीत. संध्याकाळी त्यांचा मेसेज आला: “वळणातनं निघताना कोरडी वाजतीय. केसभर खोल.”

माझ्या वहीत आठवा हिस्सा, सोळावा हिस्सा असे रकाने आहेत. केसभर नाही. तसंच लिहून ठेवलंय. शनिवारी करून बघतो.