सांगण्याची जागा

आमच्या गावच्या एस.टी. स्टँडमागच्या भिंतीवर चुना मारून निळ्या अक्षरांत एक जाहिरात रंगवलेली असायची. गुप्त समस्या, कमजोरी, निराश होऊ नका, समक्ष भेटा. खाली एका लॉजचं नाव आणि महिन्यातली एक तारीख. शरीराबद्दल, मनात उठणाऱ्या ओढीबद्दल आठवी-नववीतल्या मुलाला काही विचारायचं असेल, तर अख्ख्या गावात तेवढी एकच पाटी होती. आणि तीही घाबरवणारी. घरात विषय निघणं शक्यच नव्हतं. शाळेत विज्ञानाच्या पुस्तकातला तो धडा ‘घरी वाचा’ म्हणून मागे पडला.

पॉर्न बघण्याच्या माझ्या सवयीची सुरुवात या मुकेपणातच झाली, असं आता मला वाटतं.

आधी पिवळी पुस्तकं आली. कुणाच्या तरी दप्तरातून एका रात्रीपुरती मिळायची आणि सकाळी परत द्यावी लागायची. पुस्तक देणाऱ्याला तुम्ही ते नेल्याचं ठाऊक असायचं. नव्वदच्या आसपास पुण्यात होस्टेलवर आलो, तेव्हा शनिवारी वर्गणी काढून व्हीसीआर भाड्याने आणायचे. दाटीवाटीने बसलेली पोरं, दारावर एक पहारेकरी, आणि सतत हशा. त्या हशात खरं कुणीच काही बोलत नव्हतं, पण माणसं तरी होती. पुढे सायबर कॅफे आले. प्लायवूडचे कप्पे, कळकट पडदा, बाहेर तासाचे पैसे घेणारा पोरगा. मित्र गेले होते, पण तो पोरगा अजून होता. वेळ संपली की कप्प्यावर टकटक करायचा. मग घरात ब्रॉडबँड आलं आणि तो पोरगाही गेला. सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आलं, डेटा जवळजवळ फुकट झाला आणि फोन उशीखाली आला. प्रत्येक टप्प्यावर एकेक माणूस कमी होत गेला. शेवटी अंधार, उजळलेला पडदा आणि मी, एवढंच उरलं.

या सवयीचा वासनेशी संबंध असतो, पण लोक समजतात तेवढा नसतो. साहेब सगळ्यांसमोर बोलले, त्या रात्री फोन हातात यायचा. आईच्या आजारपणात दवाखान्यातून घरी आल्यावर यायचा. काही वाटू नये म्हणून मी बघत होतो. बघून झाल्यावर समाधान नसायचं, नुसता बधिरपणा असायचा, आणि त्याच्या मागोमाग स्वतःबद्दलची किळस. मग ‘उद्यापासून नाही’. ती किळसच दुसऱ्या रात्रीचं कारण व्हायची. जुलै २०१५च्या अखेरीस सरकारने ८५७ पॉर्न संकेतस्थळं बंद करायचा आदेश काढला, तेव्हा मला मनापासून हायसं वाटलं होतं. जे माझ्याने होत नाही ते आता आपोआप होईल, असं वाटलं. काही दिवसांत तो आदेश बराचसा मागे घेतला गेला. तो टिकला असता तरी माझं काही बदललं असतं, असं आज वाटत नाही.

माझा आत्येभाऊ दारूपायी नोकरी घालवून बसला होता. त्याला येरवड्याच्या मुक्तांगणमध्ये दाखल केलं, तेव्हा घरचा माणूस म्हणून मी जाऊ लागलो. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी हे केंद्र १९८६मध्ये पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांच्या देणगीच्या आधाराने सुरू केलं, हे मी वाचलं होतं. वाचून जे कळलं नव्हतं ते तिथे बसल्यावर कळलं. समोर बोलणारा कार्यकर्ता स्वतः कधीकाळी तिथला पेशंट होता. तो ‘तुम्ही’ म्हणत नव्हता, ‘मी’ म्हणत होता. मी काय लपवलं, मी घरच्यांना काय काय खोटं सांगितलं, मी अजूनही कशाला जपतो. ऐकणाऱ्या माणसांच्या माना खाली गेल्या नाहीत, उलट वर आल्या. मी भावासाठी गेलो होतो आणि तिथे बसून स्वतःचं ऐकत होतो.

या पद्धतीच्या मुळाशी एक गोष्ट आहे, ती मला फार मोलाची वाटते. मे १९३५मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी बिल विल्सन नावाचा शेअर दलाल हॉटेलात एकटा होता. दारू सोडून काही महिने झाले होते, ज्या कामासाठी आला होता ते फिसकटलं होतं, आणि समोरच बार होता. त्याने बारऐवजी फोन गाठला. गावात एकामागून एक फोन लावले आणि विचारलं, मला इथला एखादा दारुडा भेटेल का, मला त्याच्याशी बोलायचंय. त्यातून डॉ. बॉब स्मिथ या सर्जनची गाठ पडली. थोडा वेळ बोलू म्हणून बसलेले दोघं कितीतरी तास बोलत राहिले. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस तिथून सुरू झालं. बिलला त्या क्षणी डॉक्टर नको होता, प्रवचन तर नकोच होतं. त्याला आपल्यासारखा दुसरा माणूस हवा होता. लैंगिक सवयींनी बेजार झालेल्या पुरुषांनी १९७७मध्ये मिनियापोलिसला हाच मार्ग उचलला आणि सेक्स अ‍ॅडिक्ट्स अ‍ॅनॉनिमस सुरू केलं.

मी पहिल्यांदा सांगितलं ते आत्येभावालाच. तो घरी परतल्यावर एका संध्याकाळी आम्ही गच्चीवर बसलो होतो. तो हसला नाही, दचकलाही नाही. म्हणाला, “दादा, हे एकट्याने सोडवायला बसू नकोस. मी तेच करत होतो.” बस, एवढंच. वीस-पंचवीस वर्षं घशात अडकलेलं वाक्य बाहेर पडलं आणि आभाळ कोसळलं नाही.

त्याच्याच ओळखीतून एक जण मिळाला, मग त्याच्या ओळखीतून आणखी. एका मित्राचा दातांचा दवाखाना रविवारी बंद असतो, त्याच्या बाहेरच्या खोलीत आम्ही सकाळी जमतो. इंजिनीअरिंगचा मुलगा आहे, बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत, रिक्षा चालवणारा एक गृहस्थ आहे. काय बघितलं हे कुणी सांगायचं नाही, कारण त्या वर्णनानेच दुसऱ्याचं मन पेटतं. कधी बघावंसं वाटलं, त्याआधी काय झालं होतं, ते सांगायचं. भूक, राग, एकटेपणा, थकवा: व्यसनमुक्तीच्या सभांतून चालत आलेली ही चौकट आम्हाला रोज उपयोगी पडते. दुसरा बोलत असताना सल्ला द्यायचा नाही. रात्री फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फोन आधी करायचा. घसरल्यावर कबुली द्यायला माणूस हवाच, पण घसरायच्या आधीची पाच-दहा मिनिटं ज्याच्याशी बोलण्यात निघून जातात, तो माणूस जास्त हवा.

आमच्यातला मुलगा पहिल्यांदा आला तेव्हा दिवस मोजायचा. एक स्लिप झाली की सगळे दिवस वाया गेले असं धरून आठवडाभर त्यातच बुडून जायचा. काकांनी त्याला मोजणी बंद करायला लावली, आणि मला ते पूर्ण पटतं. त्याच्या डोक्यात वीर्यनाशाची भीतीही बसवलेली होती, माझ्या गावच्या भिंतीवरची तीच भाषा आता व्हिडिओतून येते. त्याला मी र. धों. कर्व्यांबद्दल सांगितलं. १९२७पासून १९५३मध्ये वारेपर्यंत या माणसाने ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं आणि वाचकांच्या खाजगी प्रश्नांना, हस्तमैथुनाबद्दलच्या प्रश्नांनाही, शांतपणे शास्त्रीय उत्तरं दिली. त्यापायी १९३४मध्ये खटला झाला. डॉ. आंबेडकरांनी कर्व्यांची बाजू मांडली, तरी दंड झालाच. विचारायला जागा असावी म्हणून एका मराठी माणसाने एवढं सोसलंय, हे त्या मुलाला ठाऊक नव्हतं.

कर्व्यांची आठवण ठेवायला हवी, कारण असे गट सहज शुद्धतेच्या आखाड्यात बदलू शकतात. जानेवारी २०२२पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत लैंगिक वर्तनावरचा ताबा सुटणं हा विकार म्हणून आहे. पण ताबा दीर्घकाळ सुटलेला हवा, त्यापायी काम, नाती, तब्येत यांची हानी किंवा तीव्र मानसिक त्रास व्हायला हवा. केवळ नैतिक अपराधीपणा वाटतो म्हणून कुणी आजारी ठरत नाही, हे तिथे स्पष्ट म्हटलंय. कुणाला नैराश्य दिसलं तर आम्ही मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतो. गट हा औषधाला पर्याय नाही.

बायकोबद्दल एक सांगायलाच हवं. तिला मी सांगितलं, आणि ते सोपं गेलं नाही, तिला तर मुळीच नाही. पण माझा फोन तपासायचं काम मी तिच्यावर टाकलं नाही. बायकोला पहारेकरी करणं हा तिच्यावर दुसरा अन्याय आहे. पहारा मित्रांनी द्यावा. तिलाही बोलायला स्वतःचं माणूस लागतं. व्यसनी माणसांच्या पत्नींसाठी मुक्तांगणने ‘सहचरी’ गट चालवला तो याच समजुतीतून.

हे वाचणाऱ्यांत कुणी असा असेल, तर त्याने सगळ्या जगाला सांगायची गरज नाही, एकाला सांगावं. आणि तुमच्यापुढे कुणी हे बोललाच, तर कृपा करून हसू नका, उपदेश करू नका, किती आणि काय बघतोस असं खोदून विचारू नका. ऐका, आणि पुढच्या वेळी आधी फोन कर, असं सांगा. ओळखीतलं कुणीच नको वाटत असेल, तर सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे. क्रमांक १४४१६. ती मोफत आहे, चोवीस तास चालू असते आणि तिथे मराठीत बोलता येतं.